कर्टसी: सक्ती की आदर?
काहीजण म्हणतात की कर्टसी, म्हणजे बायकांनी एक पाय मागे घेऊन गुडघे वाकवत करायचा नमस्कार, ही बायकांवरची सक्तीच, पण निदान ब्रिटनमध्ये तरी आता तसं नाहीये, राजघराणं स्वतःच सांगतं की आम्हाला भेटताना कुठलाच नियम बंधनकारक नाही, ज्यांना परंपरा पाळायचीय त्यांच्यात पुरुष नुसती मान लववतात आणि बायका छोटीशी कर्टसी करतात. २०११ साली ऑस्ट्रेलियाच्या तेव्हाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्डनी राणी एलिझाबेथसमोर कर्टसी केलीच नाही, मान लववून हात मिळवला. उलट ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे एवढ्या खाली वाकायच्या की फोटो गाजायचे. दोघींचंही मला पटतं, आदर आतून असला की झालं.

विंबल्डनला पण सेंटर कोर्टवर खेळाडूंनी रॉयल बॉक्सकडे (राजघराण्याच्या बसायच्या जागेकडे) बघून झुकायची पद्धत २००३ मध्ये राजघराण्यातल्याच ड्यूक ऑफ केंटच्या सांगण्यावरून थांबवली, राणी किंवा प्रिन्स ऑफ वेल्स हजर असतील तेवढीच ठेवली.

मला स्वतःला सगळ्यात सुंदर वाटते ती बॅलेतली. क्लास संपताना रेव्हरन्स करतात ना, एक पाय मागे, पाठ ताठ, गुडघे अगदी सावकाश वाकवायचे, आणि तो नमस्कार शिक्षकांना असतोच पण पियानो वाजवणाऱ्यालाही असतो, आणि मुलगेही वाकतात, त्यांची पद्धत फक्त वेगळी. तिथे कुठे आलं राजघराणं?