मधले सगळे कुंपणावरचे?

‘एक तर देव माना, नाही तर नाही म्हणा, मधले सगळे कुंपणावरचे’ हे काही पटलं नाही बुवा. आमच्या बेळगावच्या किल्ल्यात १२०४ सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आहे. आत नेमिनाथ तीर्थंकर, वर छताला दगडी कमळ. जैन दर्शन जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाही, तरी पूजा होतेच. मग निपाणी-चिकोडीकडचे आमचे जैन शेतकरी मित्र आस्तिक की नास्तिक, सांगा बघू! आधी कुठल्या देवाबद्दल बोलतोय ते तरी ठरवा.

मी घरच्यांबरोबर सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जातो, कपाळाला भंडाराही लावतो. (न पावलेले नवस कुणी मोजत नाही, ते वेगळंच.) पण देव असल्याचा किंवा नसल्याचा पक्का पुरावा अजून तरी मला कुणी दिलेला नाही. उद्या दिला तर मत बदलायची माझी तयारी आहे.