चव्वेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून देवगडला परतायचे आहे. हापूसच्या कलमांचे उत्पन्न हिशेबात धरावे का?

मुंबईतला देवगडकर:

नमस्कार. माझे वय ४२ असून मी मुंबईत एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. आमच्या घरातली आधीची पिढी साठीपर्यंत मुंबईत राबली आणि गावी परतली तेव्हा बागेत फिरण्याची ताकद अंगात उरली नव्हती. आपण हातपाय धड असताना परतावे, अशी माझी व पत्नीची मनापासून इच्छा आहे, आणि त्यासाठी दोन वर्षांनंतरची मुदत आम्ही ठरवली आहे. म्युच्युअल फंड, पीपीएफ, भविष्य निर्वाह निधी आणि मुदत ठेवी मिळून आज सुमारे १ कोटी ३० लाख रुपये जमले आहेत, कर्ज नाही. गावी आम्हा तिघांचा (मी, पत्नी व मूल) खर्च महिना ४५,००० रुपयांत, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजारांत भागावा. वार्षिक खर्चाच्या २५ पट रक्कम हवी, या नियमाने १ कोटी ३५ लाख पुरतात. शिवाय हापूसची साठ-सत्तर कलमे आणि चिरेबंदी घर आहे. सातबारा मात्र सामाईक असून त्यावर काकांची व आत्यांचीही नावे आहेत. कलमांचे उत्पन्न धरले तर आपण आजच मुक्कामाला पोहोचलो, असे मानावे का?

खाडीकाठ:

मी बँकेतून मुदतीआधी निवृत्त होऊन दाभोळजवळ राहतो. आपली शिस्त पाहून आनंद झाला. तरीही २५ पटीचा नियम आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये तो हिशेब मांडला, तो अमेरिकेतील शेअर व रोख्यांच्या जुन्या परताव्यांवर आणि साधारण ३० वर्षांच्या निवृत्तीवर बेतलेला होता. आपण ४४ व्या वर्षी थांबलात आणि पंच्याऐंशीपर्यंतची तरतूद धरली, तर ती ४१ वर्षे होतात. आपल्याकडे महागाई ६ टक्के धरली तर खर्च दर बारा वर्षांनी दुप्पट होतो. आजचे ५ लाख ४० हजार आपल्या चोपन्नाव्या वर्षी सुमारे १० लाख ८० हजार आणि सहासष्टाव्या वर्षी सुमारे २१ लाख ६० हजार झालेले असतील. म्हणून मी ३३ पट धरतो, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे १ कोटी ७८ लाख.

त्याहून मोठी अडचण मधल्या काळाची आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सर्वसाधारणपणे साठीनंतरची, आणि किमान दहा वर्षे सेवा झाली असेल तर भविष्य निर्वाह निधीशी जोडलेले निवृत्तिवेतन अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर ते आधी घेता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी असतील त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. पीपीएफ पंधरा वर्षांनी पाच-पाच वर्षे वाढवता येते, तो एक आधार राहील. नोकरी सोडल्यावरच्या पहिल्या काही वर्षांतच बाजार पडला, तर त्याच वेळी फंड विकून घरखर्च चालवावा लागतो आणि तो तोटा पुढे भरून निघणे फार कठीण जाते. म्हणून निदान तीन वर्षांचा खर्च मुदत ठेवींत वेगळा असू द्या.

राजापूरचा बागायतदार:

कलमांचे उत्पन्न हिशेबात शून्य धरा. हे मी बागेवर जीव असलेला माणूस म्हणून सांगतो. हापूस स्वभावतःच वर्षाआड भरघोस फळणारा आहे. थंडी लांबली, फेब्रुवारीत उष्मा वाढला, मोहोरावर तुडतुडे किंवा थ्रिप्स आले, ऐन तोडणीत अवकाळी पाऊस झाला, यांपैकी एकही गोष्ट वर्षाचे गणित मोडायला पुरेशी असते. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात फळ तर गेलेच, कित्येकांची उभी झाडेही गेली. त्याआधी जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, आणि नव्याने लावलेली पोफळ फळायला काही वर्षे घेते. खर्च मात्र चुकत नाही: खत, फवारण्या, साफसफाई, वानरांपासून राखण, तोडणी, पेट्या, वाहतूक आणि वाशीच्या बाजारातली दलाली. पैसा एप्रिल-मेमध्ये येतो आणि तो पुढच्या मोहोरापर्यंत पुरवावा लागतो.

तुम्ही मुंबईत असताना झाडे कराराने देत असाल तर एक गोष्ट नीट पाहा. एका हंगामाचा करार असला की घेणाऱ्याला त्या हंगामापुरताच रस असतो, आणि मोहोर लवकर व भरपूर यावा म्हणून बुंध्याशी कल्टारची (वाढ रोखून मोहोर आणणाऱ्या रसायनाची) मात्रा वाढवण्याचा मोह होतो. अशी झाडे पुढे थकतात. करार निदान तीन वर्षांचा करा आणि कल्टारची मात्रा त्यात लिहून घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी त्यासाठी उपयोगी पडतात. एखाद्या वर्षी बाग चांगली लागली तर तो पैसा घराच्या डागडुजीला लावा; खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही आणि पावसाळ्यापूर्वीची कामे टाळता येत नाहीत.

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण:

दादा, खर्चाचा अंदाज मला कमी वाटतो. गावी भाजी-मासळी स्वस्त पडेल, पण गणपती, शिमगा, देवळाची वर्गणी आणि येणारे-जाणारे यांचा खर्च मुंबईत आपल्या वाट्याला येत नाही, तो तिथे येतो आणि आनंदाने करावासा वाटतो. शाळेची काळजी नको, कोकण विभाग दहावी-बारावीच्या निकालात सातत्याने राज्यात पुढे असतो. पण बारावीनंतर मूल कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला जाईल. त्याची रक्कम या १ कोटी ३० लाखांतून आजच बाजूला काढा, मग खरी शिल्लक दिसेल.

आरोग्याचेही तसेच. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, कारण आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. मोठ्या दुखण्याला आमच्याकडची माणसे आजही गोव्याला बांबोळीला जातात, तुमच्याकडून कोल्हापूर गाठावे लागेल.

मुंबईतला देवगडकर:

सर्वांचे मनापासून आभार. मुलाच्या शिक्षणाची रक्कम वेगळी काढली तर मी अजून बराच मागे आहे, हे स्पष्ट झाले. गावी राहून मी आसपासच्या दुकानदारांचे व लहान व्यावसायिकांचे जीएसटी आणि हिशेबाचे काम घेऊ शकतो. त्याचा फरक किती पडेल?

खाडीकाठ:

फार मोठा पडेल. महिना १५,००० रुपये मिळाले तरी ठेवीतून वर्षाला ५ लाख ४० हजारांऐवजी ३ लाख ६० हजारच काढावे लागतील. शिक्षणासाठी वेगळी काढलेली रक्कम वगळून १ कोटी २० लाख उरले असे धरले, तर हे प्रमाण ३ टक्के होते, म्हणजे मी वर सांगितलेल्या ३३ पटींच्या जवळ. त्यामुळे दोन वर्षे अगदीच अशक्य नाहीत. तोपर्यंत वाटणीचे काम हाती घ्या: काका व आत्या आज हयात आणि राजी असतील तर संमतीने तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घेता येते, आणि वारसांची संख्या वाढली की तीच संमती मिळवणे अवघड होत जाते.