क्रोशेचं मराठी ॲप करून घ्यायचंय, बजेट ४० हजार (नागपूर), सल्ला हवा

साखळीटाका
नमस्कार मंडळी. प्रतापनगरात आमचा चौदा जणींचा क्रोशेचा गट आहे. दर शनिवारी दुपारी आत्याकडे बसतो. आत्या ७१ वर्षांची, आम्हा सगळ्यांना सुई धरायला तिनेच शिकवलं. तोरणं, ताटावरचे रुमाल, बाळाची कुंची-झबली, सगळं ती डोक्यातून सांगते. कुठेच लिहिलेलं नाही.

अडचण घरी गेल्यावर येते. कुकरची शिट्टी झाली, फोन वाजला, की १४वी फेरी चालू होती की १५वी तेच आठवत नाही. मग तासाभराचं काम उसवायचं. मोजणीची ॲप्स वापरून पाहिली, पण सगळी इंग्रजीत. गटातल्या सहा-सात जणींना ती जमत नाहीत. म्हणून मराठीत साधं ॲप करून घ्यायचं ठरवलंय.

बजेट ४० हजार. भिशीचे पैसे आहेत, त्यावर एक रुपयाही नाही. फक्त अँड्रॉइड, जाहिराती नकोत. कोणाकडून करून घ्यावं, आणि पहिल्या आवृत्तीत काय असावं?

वर्धमाननगरचा_देव
ताई, मी ११ वर्षं याच क्षेत्रात आहे, मिहानमध्ये. ४० हजारांत ॲप होत नाही. माझ्या मावसबहिणीने डब्याच्या धंद्यासाठी केलं, २ लाख ८० हजार लागले, तेही मी ओळखीने कमी करून दिले म्हणून. तुम्ही फ्लटरमध्ये (ॲप बनवायचं गूगलचं साधन) करा, एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही निघतात. आयफोन सोडू नका. ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर, म्हणजे आठ-नऊ हजारांच्या घरात. गूगल प्लेचे २५ डॉलर एकदाच. लॉगिन, फोटो, लाइक, कमेंट पहिल्या दिवसापासून ठेवा, नाहीतर लोक परत येत नाहीत.

इतवारीचा_दोरेवाला
ताई, आमचं दुकान वडिलांपासून आहे. ॲपचं मले काही समजत नाही, पण दोऱ्याचं समजते. लॉट नंबर लिहायची जागा पायजे म्हणजे पायजेच. बाया अर्धा रुमाल झाल्यावर येतेत अन् म्हणतेत, तोच पांढरा द्या. कंपनी तीच, शेड नंबर तोच, पण रंगाचा घाणा वेगळा असला की उन्हात धरल्यावर पट्टा दिसते. लेबल तर पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेलेलं असते. लेबलचा फोटो ठेवता आला पायजे. अन् लोकर दिवाळी ते संक्रांत, त्यानंतर कॉटन. मे महिन्यात नागपुरात घामेजल्या हातानं लोकर विणून पाहा, सुई सरकतच नाही.

माई_सदर
मला ॲप लागत नाही. आई चिंचोके घेऊन बसायची, फेरी झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मीही तेच करते. पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन लावली की फेरी कुठे सुरू झाली ते चुकत नाही. चाळीस हजारांत किती दोरा येईल विचार कर बाई. आता मोतीबिंदूनंतर मला वहीतलं बारीक दिसत नाही, तर नातू शेजारी बसून वाचून दाखवतो. नऊवारीचा काठ विणला तसा, एक टाका चुकला नाही.

हुकवाली_रिया
माझं क्रोशेचं चॅनेल आहे, त्यामुळे अनुभवाने सांगते, लोकांना व्हिडिओ हवे असतात. प्रत्येक टाक्याचा व्हिडिओ टाका. आणि मराठी शब्दांच्या फंदात पडू नका. ‘खांब’ (उंच टाका), ‘मुका खांब’ (बुटका टाका) नवीन मुलींना कळत नाही, सगळ्या एससी, डीसी म्हणतात, म्हणजे सिंगल क्रोशे, डबल क्रोशे.

धंतोलीची_शुभा
रिया, डीसी कुठलं, अमेरिकेचं की इंग्लंडचं? इंग्लंडमधलं डबल म्हणजे अमेरिकेतलं सिंगल, म्हणजे आपला मुका खांब. इंग्लंडमधलं ट्रेबल म्हणजे अमेरिकेतलं डबल, म्हणजे आपला खांब. मी भाचीच्या पाळण्याचं पांघरूण ब्रिटिश पुस्तकातून केलं आणि डीसी दिसलं तिथे खांब घातले. खांब उंच असतो. पांघरूण पाळण्याबाहेर लोंबायला लागलं आणि गुंडे दोन जास्त लागले ते वेगळेच. मुका खांब म्हटलं की गोंधळाला जागाच नाही. आपल्या बायकांनी इतका नेमका शब्द करून ठेवलाय, तो टाकून कशाला द्यायचा?

हुकवाली_रिया
मी अमेरिकनच वापरते. वर लिहिलेलं असतं की. व्हिडिओत हात दिसतो, मग शब्दाची गरजच काय?

जयताळ्याचा_नकाशे
चिन्हं घ्या ना. जपानी नमुन्यांत एक वाक्यही वाचावं लागत नाही. साखळी म्हणजे लंबगोल, मुका खांब म्हणजे फुली, खांब म्हणजे टी आणि त्याच्या दांड्यावर एक तिरकी रेघ. माझी बायको एक अक्षर जपानी न येता त्या पुस्तकांवरून विणते.

धंतोलीची_शुभा
चिन्हं चांगलीच. पण चष्मा लावून फोनवर ती फुली शोधायची आणि परत सुईकडे बघायचं, तोवर टाका सुटतो.

माई_सदर
तोरणाला खळ कसली लावता गं तुम्ही? माझं यंदा नरम पडलं.

इतवारीचा_दोरेवाला
माई, साबुदाण्याची लावा. पातळ शिजवायची, गाळायची, तोरण बुडवून पिळायचं अन् पाटावर टाचण्या लावून ताणून वाळवायचं. लोंबतं वाळवलं तर आकार जाते.

धंतोलीची_शुभा
मी मैद्याची लावायचे, पावसाळ्यात झुरळं आली. साबुदाणाच बरा.

एकदा_पोळलो
खळ बाजूला ठेवा, ताईंचे पैसे वाचवा. मी शिकवणी वर्गासाठी ॲप करून घेतलं होतं, ६५ हजार आगाऊ दिले. करणाऱ्याने प्ले स्टोअरवर स्वतःच्या खात्यातून टाकलं. वर्षभराने फोन उचलणं बंद. कोड नाही, साइनिंग की (ॲपची नवी आवृत्ती टाकायला लागणारी डिजिटल किल्ली) नाही, साधी चूक दुरुस्त करता येईना. शेवटी नव्या नावाने पहिल्यापासून केलं आणि जुन्या विद्यार्थ्यांना एकेकाला फोन करून नवं उतरवायला लावलं. तुम्ही एवढं करा: प्ले कन्सोलचं, म्हणजे प्ले स्टोअरवर ॲप टाकायचं खातं तुमच्या ईमेलवर उघडा, २५ डॉलर तुमच्या कार्डावरून भरा, कोड दर आठवड्याला तुमच्या खात्यात टाकायला लावा. पैसे तीन टप्प्यांत, शेवटचा टप्पा ॲप प्ले स्टोअरवर दिसल्यावर.

आणि वेळ धरून चाला. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद (निवडक लोकांपुरती) चाचणी करून घ्यावी लागते, त्याशिवाय सगळ्यांसाठी प्रसिद्ध करता येत नाही. आधी २० जण लागायचे.

वर्धमाननगरचा_देव
खातं स्वतःच्या नावावर हवं, हे मी सांगणारच होतो. आणि २ लाखांच्या खाली चांगला माणूस मिळत नाही, हे परत सांगतो.

साखळीटाका
देवदादा, बजेट ४० हजारच आहे. बारा जणी आमच्या गटातच मिळतील, हे ऐकून बरं वाटलं. एक विचारते, कॉलेजच्या मुलांकडून करून घेतलं तर?

एकदा_पोळलो
नको. परीक्षा आली की गायब होतात.

धंतोलीची_शुभा
मुलं चांगली असतात, पण नोकरी लागली की गाव सोडतात. नको.

बजाजनगरची_आरेखक
मी ॲपच्या पडद्यांची (स्क्रीनची) आखणी करते, त्यावरच बोलते. अँड्रॉइडवर बटण किमान ४८ डीपी (पडद्यावरच्या मापाचं एकक) असावं असा संकेत आहे, साधारण ९ मिलिमीटर. पण विणणाऱ्या बाईच्या एका हातात सुई आणि दुसऱ्या हाताच्या बोटांना दोऱ्याचा वेढा. ती करंगळीने किंवा बोटाच्या पेराने दाबणार. तिला ९ मिलिमीटर पुरणार नाहीत. पडद्याचा वरचा पाऊण भागच बटण करा. ‘एक मागे’ वेगळं आणि लांब ठेवा, कारण चुकून दोनदा दाबलं जातंच. विणकाम चालू असेपर्यंत पडदा विझता कामा नये. दर दाबाला आकडा फोनमध्येच साठवा, म्हणजे फोन आला, बॅटरी संपली तरी फेरी जागच्या जागी. इंटरनेट लागू नये. लॉगिन तर नकोच, एका फेरीच्या आकड्यासाठी मोबाइल नंबर कशाला मागायचा?

रंग साधे ठेवा. रॅव्हलरी हे विणणाऱ्यांचं मोठं संकेतस्थळ २००७ पासून आहे. २०२० मध्ये त्यांनी रूप बदललं तेव्हा कित्येकांनी डोकेदुखी आणि मायग्रेनच्या तक्रारी केल्या. तासन्‌तास बघायची गोष्ट आहे, भपका नको.

गोल रुमालासाठी एक गणित मात्र घालता येईल. मुक्या खांबांचा सपाट गोल ६, १२, १८, २४ असा सहा-सहाने वाढतो, खांबांचा १२, २४, ३६ असा बारा-बाराने. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. कितव्या फेरीत किती टाके, ते ॲप सांगेल. नमुने दुसऱ्यांच्या पुस्तकातून उचलू नका, लिहिलेला मजकूर आणि आकृत्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात येतात.

वर्धमाननगरचा_देव
लॉगिनशिवाय वापरणारे किती हे कळणार कसं? आणि आयफोन?

जयताळ्याचा_नकाशे
मोजणीयंत्र आधी करा, बाकी सगळं नंतर. इथे सगळ्यांचं त्यावर एकमत दिसतंय.

हुकवाली_रिया
मोजणीयंत्र आणि व्हिडिओ.

साखळीटाका
तीन आठवड्यांनी येते आहे, सगळं वाचलं होतं. ठरलंय, आणि बहुतेकांना पटणार नाही.

माईंचा नातू वाचून दाखवतो ते मनात राहिलं. त्या शनिवारी मी आत्याचा आवाज फोनवर घेतला. कोयरीच्या तोरणाची एक पट्टी, ओळीला एक तुकडा: “सहा साखळ्या घाल. आता सुईपासून चौथ्या घरात खांब.” दोघींना घरी दिला. एकीला वाचायला त्रास होतो, दुसरीचं नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दोघींनी पट्टी पुरी करून आणली, एकदाही उसवावं लागलं नाही. म्हणाल्या, मान खाली ठेवून विणता येतं, आत्या शेजारी बसल्यासारखी वाटते.

म्हणून पहिल्या आवृत्तीत मोजणीयंत्र नाही, व्हिडिओ नाही, चिन्हं नाहीत. आत्याचे अकरा नमुने, तिच्याच आवाजात, तिच्याच शब्दांत. पडद्यावर कुठेही टेकवलं की पुढची ओळ, खाली ‘परत सांग’. थांबलात तिथूनच पुढे सुरू. इंटरनेट नाही, लॉगिन नाही. आरेखकताई, मोठं बटण आणि न विझणारा पडदा तुमचा. दोरेवालेदादा, प्रत्येक नमुन्याच्या सुरुवातीला आत्या लॉट नंबर बघून घ्यायला सांगते, तेवढं घेतलंय.

काम कॉलेजच्याच दोन मुलींना दिलंय. ३२ हजार, तीन टप्प्यांत, खातं आणि कोड माझ्याकडे. परीक्षा मेमध्ये संपतात, त्यानंतर सुरुवात. उरलेले आठ हजार खात्याची फी आणि पुढच्या दुरुस्त्यांसाठी बाजूला.

आत्याला अजून सात नमुने सांगायचेत. तिला दम लागतो, एका दिवशी अर्ध्या तासावर बसवत नाही. ते सगळं मला पावसाच्या आधी भरून घ्यायचंय. एकच अडचण, कूलरचा आवाज येतो आणि कूलर बंद केला की तिला बसवत नाही.

एकदा_पोळलो
टप्पे केलेत, चांगलं झालं. करार कागदावर घ्या.

वर्धमाननगरचा_देव
आयफोनचा विचार करा अजून.

बजाजनगरची_आरेखक
पहाटे साडेपाचला घ्या, कूलर लागायच्या आधी. खोलीत गाद्या-रजया रचून ठेवा, आवाज घुमत नाही. आणि प्रत्येक ओळ दोनदा म्हणवून घ्या.

माई_सदर
नऊवारीच्या काठाचा नमुना तिच्याकडे नसेल तर मी सांगते. सदरला ये, पहाटे मी उठलेलीच असते.

साखळीटाका
माई, रविवारी साडेपाचला येते.