जर्मनीत शिकताना एकाच वेळी दोन नोकऱ्या : १४० दिवसांचा हिशेब कसा करावा?

आखेनवासी (प्रश्न)

नमस्कार. पुण्यात अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी सध्या आखेन येथे पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या सत्रात आहे. एका कंपनीने मला आठवड्याला २० तासांची वेर्कस्टुडंटची (शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्याची) नोकरी देऊ केली आहे आणि आमच्या विभागातील प्राध्यापकांनी आठवड्याला ८ तासांचे हिवीचे (विद्यापीठातील विद्यार्थी-सहायकाचे) काम सुचवले आहे. दोन्ही कामे एकत्र केल्यास व्हिसाच्या अटींचा भंग होतो का? शिवाय पुण्यातील एका परिचितांचे संकेतस्थळ सांभाळण्याचे काम अधूनमधून येते. त्याचे पैसे भारतातील खात्यात जमा होत असल्याने ते येथे मोजले जात नाही, असे मित्र सांगतात. ते खरे आहे का?

नेकरकाठ

विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १२० पूर्ण किंवा २४० अर्धे दिवस काम करण्याचीच परवानगी आहे. आठवड्याला २० तासांचे काम वर्षभर केल्यास ती मर्यादा ओलांडली जाईल, तेव्हा जपून पाऊल टाका.

सह्यवासी

वरील आकडे जुने आहेत. १ मार्च २०२४ पासून ही मर्यादा वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस अशी झाली असून, चार तासांपर्यंतचे काम अर्धा दिवस धरले जाते. त्याहून महत्त्वाचा बदल मोजणीच्या पद्धतीत आहे आणि अनेक सीनियरना तो अजूनही ठाऊक नसतो. व्याख्याने चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम केले, तर तो आठवडा अडीच दिवसांचा मोजता येतो. सुट्टीच्या काळात तर कितीही तास काम केले तरी आठवड्याचे अडीच दिवसच धरता येतात. दोन्ही पद्धतींपैकी विद्यार्थ्याच्या फायद्याची असेल ती लागू होते. बावन्न आठवड्यांचे १३० दिवस होतात, म्हणजे वर्षभराची वेर्कस्टुडंटची नोकरी मर्यादेत बसते. विद्यापीठातील हिवीचे काम या खात्यात धरलेच जात नाही.

मात्र येथेच बहुतेकांची गफलत होते, कारण २० तासांचा नियम दुसऱ्या एका कायद्यातही आहे आणि त्याचा व्हिसाशी संबंध नाही. सामाजिक विम्याच्या दृष्टीने व्याख्यानांच्या काळात सर्व नोकऱ्यांचे तास एकत्र मोजले जातात, हिवीचेही. तुमचे २८ तास झाले, की वेर्कस्टुडंट म्हणून मिळणारी सवलत जाते आणि केवळ निवृत्तिवेतनाचाच नव्हे, तर आरोग्य, शुश्रूषा व बेरोजगारी विम्याचाही हप्ता पगारातून कापला जाऊ लागतो. जादा तास संध्याकाळी, रात्री किंवा शनिवार-रविवारी असतील आणि असे आठवडे वर्षात २६ पेक्षा जास्त नसतील, तर सवलत टिकते. सारांश असा, की तुमचा व्हिसा धोक्यात येत नाही, पण हाती येणारा पगार घटू शकतो.

दगडूशेठ_ते_डॉर्टमुंड

संकेतस्थळाच्या कामाबद्दल मित्रांचे म्हणणे मुळीच ऐकू नका. पैसे कोणत्या देशातील खात्यात जमा झाले यापेक्षा काम करताना तुम्ही कोठे होता हे महत्त्वाचे आहे. पगारी नोकरी नसलेले असे काम स्वतंत्र व्यवसायात मोडते आणि त्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. १४० दिवसांची मुभा केवळ नोकरीसाठी आहे. निवासपरवान्यासोबत मिळालेला हिरवट कागद काढून वाचा. स्वतंत्र व्यवसायाला परवानगी नाही, असे त्यावर बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. अर्ज केल्यास परवानगी मिळू शकते, पण ती काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी लागते.

आखेनवासी

मनःपूर्वक आभार. हिवीचे काम उन्हाळी सुट्टीत सुरू करता येईल का, असे प्राध्यापकांना विचारतो. पुण्याचे काम तूर्त थांबवले आहे. दोन्ही ठिकाणी एकमेकांबद्दल सांगणे बंधनकारक आहे का?

सह्यवासी

होय. विम्याची वर्गवारी एकूण तासांवर ठरत असल्याने दोन्ही मालकांना दुसऱ्या नोकरीची माहिती द्यावी लागते. रुजू होतानाच्या अर्जात तसा रकाना असतो. दुसऱ्या नोकरीवर सहाव्या करवर्गानुसार (सर्वाधिक कपातीच्या वर्गानुसार) कर कापला जातो, त्यामुळे पहिली पगारपावती पाहून घाबरू नका. वर्षअखेरीनंतर विवरणपत्र भरल्यावर जादा कापलेला कर परत मिळतो.