बाळ सांभाळणाऱ्या ताईंचा सुट्टीतला पगार कापायचा का? आणि दिवाळीची पोस्त किती?

मानपाड्याची आई
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. लेक अडीच वर्षांचा आहे, त्याला सांभाळायला एक ताई येतात, सोमवार ते शुक्रवार दुपारी २ ते ७, पगार ९,००० रुपये. फेब्रुवारीपासून येतायत आणि लेकाचं त्यांच्याशी इतकं जमलंय की शनिवारी पण दारात जाऊन बसतो. आता गणपतीत आम्ही ८ दिवस चिपळूणला चाललोय, दिवाळीत परत ५ दिवस नाशिकला. नवरा म्हणतो पार्ट टाइम आहे ना, मग आलेल्या दिवसांचेच द्यायचे, भागिले ३० करून कापू. मला ते पटत नाहीये पण नक्की का ते सांगता येत नाहीये. आणि दिवाळीला किती द्यायचं, अख्खा पगार का अर्धा? वर्ष तर झालं नाही अजून. सासूबाईंनी साडी आणून ठेवलीय, त्यांच्या मते तेवढं पुरे.

सीवूड्सवाली
गावाला तुम्ही जाताय, त्या नाही जात, मग खाडा त्यांच्या नावावर का? २ ते ७ हा वेळ त्यांनी तुमच्यासाठी अडकवून ठेवलाय, मधल्या आठ दिवसांपुरतं त्यांना कोण काम देणार. तुमचं ऑफिस गुड फ्रायडेला बंद असतं तेव्हा पगार कापतात का? पूर्ण द्या. त्या स्वतः रजा घेतील त्याचं आधी ठरवून घ्या, आमच्याकडे महिन्याला २ पगारी आहेत, न घेतलेल्या साठतात आणि मे मध्ये गावी जातात तेव्हा वापरतात, त्याच्या वर गेलं तरच कापायचं.

आणि तो भागिले ३० चा हिशोब तुमच्या मिस्टरांना नीट विचारा हं 😄 त्या महिन्यात येतात २२ दिवस, म्हणजे दिवसाचे ४०९ रुपये होतात, ३० ने भागलं की ३००. उद्या तुम्ही त्यांना एखाद्या शनिवारी बोलावलंत तर ३०० टेकवणार का? कापायचं असो वा जास्तीचं द्यायचं असो, भागायचं २२ नेच.

कोपरखैरणेकर
पोस्तीचं सांगतो. एक महिन्याचा पगार हीच सगळीकडची रीत आहे. कंपन्यांसाठी बोनसचा १९६५ चा कायदा होता त्यात किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा भाग, तो घरकामाला लागू नव्हता पण हिशोब बघा तोच निघतो. वर्ष भरलं नसेल तर त्या प्रमाणात, तुमचे ऑक्टोबर अखेर ९ महिने होतात, ९,००० चे १२ भाग केले की ७५०, गुणिले ९, झाले ६,७५०. मी असतो तर ७,००० दिले असते, ५० च्या नोटा कोण मोजत बसणार.
फक्त एक, आमच्याकडे मागच्या वर्षी भाऊबीज झाल्यावर बाई आल्याच नाहीत, तेव्हापासून बायको म्हणते अर्धे दिवाळीला अर्धे डिसेंबरला. मला स्वतःला ते काही बरं वाटत नाही.

कळव्याची
@कोपरखैरणेकर वहिनींचं ऐकू नका. माझी आई पंधरा वर्षं घरकामाला जायची म्हणून सांगते. एका दिवाळीला तीन घरांतून तीन साड्या आल्या, पोस्त कुठूनच नाही, एकीने तर उचल वळती करून घेतली आणि वर साडी दिली. त्या तीन साड्यांचा फॉल-पिकोचा खर्च पण आमचाच 😑 आई दुकानात गेली बदलायला, दुकानदार म्हणाला बिल आणा. बिल कुठून आणणार, ते मागायला त्या घरी जायचं का? तेव्हा साडी हौसेने द्या, पण पोस्तीत धरू नका. आणि रोख द्या, मिठाईच्या डब्यात घालून सगळ्यांसमोर नको, पाकिटात.

अजून एक, राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, २००८ च्या कायद्याने झालेलं, १८ ते ६० वयाच्या बायकांची नोंदणी होते. त्यासाठी जिथे काम करतात त्या घराचा दाखला लागतो, आणि तिथेच घोडं अडतं, कारण लोक उगाच घाबरतात सही करायला. तुम्ही देऊन टाका.

मानपाड्याची आई
सगळ्यांना थँक्यू. काल ताईंशी बोलले. पगार कापणार नाही म्हटल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, किचनच्या दारामागच्या कॅलेंडरपाशी गेल्या आणि तिथे गणपतीच्या आठवड्यात पेन्सिलीने सहा बारीक फुल्या होत्या त्या खोडरबरने पुसल्या. म्हणजे त्यांनी स्वतःच आधी खाडे धरून ठेवलेले! मलाच कसंतरी झालं.

पोस्त ७,००० ठरली, एकदमच. त्यांचं म्हणणं एवढंच की दिवाळीच्या आठ दिवस आधी द्या, पाडव्याला हातात येऊन फराळाचं सामान कधी भरायचं. साडीबद्दल विचारलं तर लाजत म्हणाल्या, रंग कुठला आहे ते आधी दाखवा. आता सासूबाईंना कसं सांगू ते सुचवा कुणीतरी.