टीआरएक्स टाकूनही यूएसडीटी हलत नाही, लवकर सांगा

गाडा_अडलाय
क्रिप्टो वॉलेटमध्ये ११५० यूएसडीटी (डॉलरला बांधलेलं क्रिप्टो नाणं) दिसतायत. गॅससाठी, म्हणजे व्यवहाराच्या फीसाठी, टीआरएक्स (ट्रॉन नेटवर्कचं नाणं) टाकला, तोही दिसतोय. सेंड केलं की सिग्नेचर एरर. अ‍ॅप काढून परत टाकलं, नेट बदललं, बायकोच्या फोनवरही करून पाहिलं. संध्याकाळी सातच्या आत व्हायला हवं, समोरचा थांबलाय. ज्यांना कळतं त्यांनीच उत्तर द्या. 'क्रिप्टो म्हणजे जुगार' वाल्यांनी कृपया लांब राहावं.

खटपट्या
एररचा पूर्ण मजकूर टाका. नेटवर्क कोणतं, टीआरसी-२०च (ट्रॉनवरचं) ना? आणि 'समोरचा' कोण? पैसे तुमचे, वॉलेट तुमचं, मग थांबलंय कोण?

टपरीवरचा
क्रिप्टो म्हणजे जुगार. (लांब राहूनच लिहितोय.)

गाडा_अडलाय
हो, टीआरसी-२०. एरर लांबलचक आहे, शेवटी 'नॉट कंटेन्ड ऑफ परमिशन' असं काहीतरी. समोरचा म्हणजे ज्याला मी कर्ज देणार आहे तो. त्याने काय फरक पडतो? मला फक्त ट्रान्सफर का होत नाही ते हवंय.

नवी मुंबईकर
टीआरएक्स कमी पडत असेल. यूएसडीटी पाठवायला एनर्जी (ट्रॉनवरचं इंधन म्हणा) लागते, ती नसेल तर टीआरएक्स जळतो. मला एकदा असंच झालेलं, अजून ३० टाकले आणि गेलं. टाकून बघा.

खटपट्या
@नवी मुंबईकर, कृपा करून त्यांना अजून टाकायला सांगू नका. एनर्जी कमी पडली तर एरर वेगळा येतो. हा परमिशनचा आहे.
@गाडा, एकच प्रश्न, सरळ उत्तर द्या: हे वॉलेट तुम्ही तयार केलंत, की कुणी तुम्हाला बारा शब्द (वॉलेट उघडायची सीड फ्रेज) दिले?

गाडा_अडलाय
त्याने दिले. तारण म्हणून. एका टेलिग्राम ग्रुपवर लोक कॉइन तारण ठेवून रुपये उसने घेतात, त्यात हा गेल्याच आठवड्यात आला. ४०,००० हवेत, महिन्याला १० टक्के. विश्वास बसावा म्हणून सीड फ्रेजच देऊन टाकली, आधार-पॅनचे फोटोही दिले. ग्रुपमधले तिघे म्हणाले, माणूस चांगला आहे. मी बावळट नाही, आधी तारण माझ्या वॉलेटमध्ये घेणार आणि मगच जीपे करणार. म्हणून तर हलवतोय.

बेरीज_वजाबाकी
अहो, ११५० यूएसडीटी म्हणजे लाखाच्या आसपास होतात. ज्याच्या खिशात लाख आहेत तो चाळीस हजार दहा टक्क्यांनी का मागेल? अर्धे विकून मोकळा होईल की.

गाडा_अडलाय
विचारलं होतं. विकले तर ३० टक्के टॅक्स जातो म्हणून विकायचे नाहीत, असं म्हणाला. हे मला पटलं.

बेरीज_वजाबाकी
मला नाही पटलं, आणि माझा व्यवसायच तो आहे. २०२२ पासून ३० टक्के लागतो तो नफ्यावर, अख्ख्या रकमेवर नाही. यूएसडीटी डॉलरला बांधलेला. आज घेतला काय आणि सहा महिन्यांनी विकला काय, नफा होऊन होऊन किती होणार? वर विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, तोही पुढे रिटर्नमध्ये वळता होतो. चाळीस हजारांवर चारशे रुपये! ते वाचवायला हा महाशय महिन्याला चार हजार व्याज देणार? माझ्याकडे असा अशील आला तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन.

मावळती
शिवाय ज्याला खरंच कॉइन न विकता पैसे हवेत, त्याला अनोळखी माणूस लागतोच कशाला? आवे, जस्टलेंड अशा तारणावर क्रिप्टो कर्ज देणाऱ्या सेवा आहेत. तारण टाका, त्याच्या काही टक्के कर्ज उचला. नाव नाही विचारत, आधार नाही मागत. @गाडा, तुम्हीही तुमचे पैसे तिथे लावा, व्याज कमी पण झोप लागेल. मी दोन वर्षं आवेवर आहे, सुरुवात कशी करायची ते सविस्तर लिहितो. प्रथम मेटामास्क वॉलेट घ्या, मग...

टपरीवरचा
त्यांनी हे विचारलं का हो?

खटपट्या
मुद्द्यावर या. @गाडा, ट्रॉनस्कॅन (ट्रॉनवरचे व्यवहार दाखवणारी साइट) उघडा, टी पासून सुरू होणारा त्या वॉलेटचा पत्ता टाका आणि परमिशन्स बघा. ओनर परमिशनपुढे कोणाचा पत्ता आहे? तोच, की दुसरा?
कारण सांगतो. ट्रॉनवर खात्याची मालकी दुसऱ्या किल्लीच्या नावावर करता येते. मग बारा शब्द जगजाहीर केले तरी फरक पडत नाही. वॉलेट उघडतं, बॅलन्स दिसतो, सही मात्र चालत नाही. घराची चावी तुमच्या हातात, पण कुलूप बदललेलं. हा बदल करायला १०० टीआरएक्स फी पडते, म्हणजे चुकून कोणी करत नाही. यूएसडीटी खरे असतील, पण ते आमिष आहे. कमाई आहे ती लोक गॅससाठी टाकतात त्या टीआरएक्सची. तुम्ही किती टाकलेत?

गाडा_अडलाय
आधी ३०, मग त्याने सांगितलं नेटवर्क बिझी आहे, म्हणून अजून ५०. ट्रॉनस्कॅन बघतो. पण त्याने रुपये अजून मागितलेलेसुद्धा नाहीत! फसवायचं असतं तर आधी ४०,००० मागितले असते ना?

धुळ्याची_मिरची
दादा, तो ४०,००० साठी आलेलाच नाहीये. कर्ज हे निमित्त. तुम्ही हुशार आहात, आधी तारण हलवून बघणार हे त्याला माहीत आहे. त्यावरच तर धंदा चालतो.

चेनवाला
स्वीपर बॉट असणार. गॅस टाकला की बॉट सेकंदात उचलून नेतो. गॅस आणि ट्रान्सफर एकाच बंडलमध्ये पाठवा, बॉटच्या आधी तुमचं जाईल. मी करून देऊ शकतो.

खटपट्या
ते बंडल इथेरियमवरचं. स्वीपर असता तर टीआरएक्स दिसलाच नसता, त्यांना तो दिसतोय. इथे सही चालत नाही, तुमचं बंडल काय करणार?

चेनवाला
मी २०१७ पासून यात आहे.

खटपट्या
बरं.

जुना_खेळाडू
२०१७ चं कौतुक नको. बिटकॉइनटॉक या फोरमवर कर्जाचा वेगळा विभाग आहे, मी तिथे २०१२ पासून वाचतोय. नवा आयडी, तारणाशिवाय कर्ज, 'आई आजारी आहे', हे रोजचं. लोक थारा देत नाहीत म्हटल्यावर पुढची पायरी आली: छोटं कर्ज घे, वेळेत फेड, परत घे, फेड, आणि नाव झालं की मोठं घेऊन गायब. काहींनी जुने आयडी विकतच घेतले. तारण म्हणून कोणी आयडी ठेवायचा, कोणी असा टोकन ठेवायचा ज्याला बाजारात गिऱ्हाईकच नाही.
आणि सगळे नवेच लबाड असतात असंही नाही. 'पायरेटॅट४०' हा टेक्सासचा माणूस तिथे प्रतिष्ठित होता. २०११-१२ मध्ये आठवड्याला ७ टक्के देतो म्हणून लोकांकडून सात लाखांवर बिटकॉइन घेतले. जुन्याचे पैसे नव्याकडून भागवत होता. अमेरिकेच्या एसईसीने (तिथला शेअर बाजार नियामक) २०१३ मध्ये खटला भरला, २०१४ मध्ये अटक, २०१६ मध्ये दीड वर्षाची शिक्षा. दीड वर्षं!

नवी मुंबईकर
आठवड्याला ७ टक्के?? आमच्या सोसायटीच्या भिशीत बायका वर्षाला तेवढ्यावर भांडतात.

टपरीवरचा
भिशी कधीही बरी. पळून जाणारी बाई निदान तिसऱ्या मजल्यावर राहते.

धुळ्याची_मिरची
आमच्याकडे भिशीवालाच पळाला. मजला सोडा, गाव सोडून गेला.

विजय_मिळवला
मित्रांनो मीसुद्धा असाच फसलो होतो पण एका एथिकल हॅकर सरांनी माझे सर्व यूएसडीटी ४८ तासांत परत मिळवून दिले. फी नंतर. ज्यांना हवं त्यांनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. देव त्यांचं भलं करो.

खटपट्या
संपादक, वरचा प्रतिसाद उडवा. आयडी आजचाच आहे. @गाडा, याला व्यनि करू नका. फसलेल्याला परत फसवणारी ही दुसरी टोळी.

बेरीज_वजाबाकी
अजून एक, कोणी बोललं नाही म्हणून. समजा तारण खरं निघालं असतं, तुम्ही चाळीस दिले असते आणि त्याने चव्वेचाळीस यूपीआयने परतही केले असते. ते पैसे कोणाच्या खात्यातून आले, हे तुम्हाला माहीत नाही. दुसऱ्याच कुणाला लुबाडून आलेले निघाले, तर त्याची तक्रार जाते, साखळीतली खाती गोठवली जाऊ शकतात आणि तुमचा पगार त्यात अडकू शकतो. मग कोणत्या तरी परराज्यातल्या सायबर सेलशी ईमेलवर गयावया. माझ्याकडे अशी तीन-चार माणसं येऊन गेलीत, सगळी 'मी तर फक्त यूएसडीटी विकले' म्हणणारी. शिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा असेल तर महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने परवाना लागतो.

गाडा_अडलाय
मी काय सावकार आहे का? दोघा-तिघांना दिलेत फक्त.

बेरीज_वजाबाकी
दोघा-तिघांना?

मावळती
म्हणून आवे म्हणत होतो.

गाडा_अडलाय
ट्रॉनस्कॅन बघितलं. ओनरपुढे दुसराच पत्ता आहे. आणि त्या खात्यात माझ्याआधी चार-पाच ठिकाणांहून ३०, ५०, २० असे टीआरएक्स आलेत आणि बाहेर गेलेत. माझे ८० पण आत्ता गेले, सकाळी होते. आता ते परत कसे आणायचे ते सांगा.

खटपट्या
नाही येणार. खरंच. ज्याच्याकडे ओनरची किल्ली आहे त्याने काढले. व्यवहाराचे हॅश (ओळख क्रमांक), टेलिग्रामची संभाषणं, ग्रुपचा दुवा आधी सेव्ह करा, मग १९३० वर फोन किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार. रक्कम लहान आहे, पण त्या आधार-पॅनवरचा माणूस खरा असेल आणि त्याला यातलं काही माहीत नसेल. तेही तक्रारीत लिहा, आणि ते फोटो कुठेही पुढे पाठवू नका.

गाडा_अडलाय
ग्रुपवर सगळ्यांना सावध करायला हे टाकलं, तर अ‍ॅडमिनने दोन मिनिटांत मलाच काढलं. चॅटही गेलं.

धुळ्याची_मिरची
अ‍ॅडमिन आणि ते 'माणूस चांगला आहे' म्हणणारे तिघे, सगळे एकाच फोनवर असतील.

खटपट्या
बायकोच्या फोनवर उघडलं होतं ना तुम्ही? तिथे तो ग्रुप असेल तर स्क्रीनशॉट आत्ता काढा. आणि त्या फोनवर तुमचं दुसरं वॉलेट असेल, आणि त्याने पाठवलेल्या एखाद्या दुव्याला अप्रूव्ह (म्हणजे पैसे काढायची परवानगी) दाबलं असेल, तर तेही रिकामं करून नव्या वॉलेटमध्ये हलवा. दाबलं होतं का?

गाडा_अडलाय
एका ठिकाणी व्हेरिफाय म्हणून दाबलं होतं. तेच ते का? थांबा, बघतो.