मदत हवी आहे: 'कोर्ट' आणि 'रणांगण'नंतर काय?

मंडळी, जरा मदत करा. गेल्या आठवड्यात चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) एकदाचा बघितला आणि तेव्हापासून दुसरं काही बघवतच नाहीये. शेवटाकडे कोर्टाचं काम संपतं, लोक निघून जातात, एकेक दिवा बंद होतो आणि कॅमेरा तसाच अंधारात थांबून राहतो, मला वाटलं संपला पिक्चर, पाणी प्यायला उठलो तर पुढे न्यायाधीश महाराज सहलीला! नंतर दोन सिरीज लावून बघितल्या, दोन्ही पहिल्याच एपिसोडला बंद, सतत म्युझिक कोकलतंय, रडायचं कधी तेपण तेच सांगणार.

पुस्तकांचंही तसंच झालंय. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९) वाचलं, एवढीशी कादंबरी, बोटीवरचे मोजके दिवस, पण हॅर्टा डोक्यातून जातच नाही. त्यानंतर घेतलेला ५०० पानी ठोकळा ४०व्या पानावर उपडा पडलाय.

तर असं कमी बोलणारं काहीतरी सुचवा ना. पिक्चर कुठल्याही भाषेतला चालेल, सबटायटल्स हवीत. सिरीज असेल तर एका सीझनमध्ये संपणारी. पुस्तक मराठीच, शक्यतो २०० पानांच्या आतलं. आणि प्लीज शेवट सांगू नका, 'कोर्ट'चा अर्धा एका मित्राने आधीच फोडला होता.